मुंबईत २८ दिवस राहायचं आहे, घर कुठे घ्यावं आणि दिवस कसे लावावेत?

मार्दोळची बाई

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातल्या मार्दोळची. सरकारी प्राथमिक शाळेत ३३ वर्षं शिकवलं आणि गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. यजमान ६६ वर्षांचे आहेत. येत्या ६ जानेवारीला रात्रीच्या गाडीने मुंबईला जायचं आणि ४ फेब्रुवारीला परतायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं आहे. मुंबईत मुक्काम धरून २८ दिवस.

आजवर मी मुंबईला चारदा गेले. दोनदा लग्नाला, एकदा यजमानांच्या डोळ्याच्या ऑपरेशनला आणि एकदा शाळेची सहल घेऊन. सहलीत तर ४२ मुलं मोजण्यातच दोन दिवस गेले, समुद्राकडे मान वर करून बघितलंसुद्धा नाही. म्हणून या वेळी कुणाच्या घरी उतरायचं नाही, कुणाच्या कामाला जायचं नाही, आपण राहायचं.

दुसरं कारण माझी आई. ती गिरगावची. फणसवाडीत वाढली. १९५३ साली लग्न होऊन आगबोटीने पणजीला उतरली तेव्हा ती १७ वर्षांची होती आणि इथे पोर्तुगीज अंमल होता. पुढे दोन वर्षांत नाकेबंदी आली, जाणं-येणं तुटलं. तिचे वडील आजारी पडले ते तिला पत्राने कळलं, आणि ते गेल्याचं पत्र त्यानंतर दीड महिन्याने पोचलं. १९६१ नंतर वाट मोकळी झाली, पण तोवर तिथे तिचं माहेर म्हणावं असं कुणी उरलं नव्हतं. ती परत कधीच गेली नाही. पण शेवटपर्यंत रात्री झोप नाही लागली की फणसवाडीची सकाळ सांगायची: चारला दुधाचे कॅन, पाचला नळ, मग देवळाची घंटा. दोन वर्षांपूर्वी ती गेली. मला ती गल्ली बघायची आहे. निवांत, घाई न करता.

आता अडचणी सांगते. यजमानांचे दोन्ही गुडघे दुखतात. दोन मजले चढतील, पण रोज नाही. त्यांना मधुमेह आहे, म्हणून स्वयंपाकघर हवंच, महिनाभर हॉटेलचं जेवण चालणार नाही. उकडे तांदूळ आणि सोलां (आमसुलं) मी इथून नेईन. सगळं मिळून दीड लाख बाजूला काढले आहेत. अंधेरीकडच्या एका घराचे महिन्याचे ७० हजार सांगितले, सगळे आगाऊ द्या म्हणाले. तिथेच मन अडलं.

घरी, वाड्यावर, देवळात जो तो एकच म्हणतो: महिना? मुंबई चार दिवसांत संपते, उरलेले दिवस काय भिंती बघणार? जाऊबाई तर म्हणाल्या, त्या पैशात दोघं केदार-बद्री करून याल. मला त्यांचं पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. ज्यांनी असं लांब राहून बघितलंय त्यांनी सांगावं. घर कुठे घ्यावं, दिवस कसे लावावेत, आणि लोकलची मला वाटणारी भीती खरी किती?

शिवोलीकर

बाई, नमस्कार. मी १९८५ ते २०१६ अशी ३१ वर्षं मुंबईत काढली. छापखान्यात मुद्रितशोधक होतो, परळला खोली आणि प्रभादेवीला काम. आता शिवोलीला असतो. तुमचं लिहिणं काल रात्री वाचलं आणि सकाळचा चहा झाल्याबरोबर बसलो, कारण हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा असं फार वर्षं वाटत होतं.

महिना जास्त नाही. चार दिवसांत संपते म्हणणारे गेटवे, मरीन ड्राइव्ह, सिद्धिविनायक, हाजी अली बघून येतात. त्यांना चार दिवस पुरतात, त्यांचं खोटं नाही. पण २८ दिवस असतील तर पाहुण्यासारखं वागू नका. गेल्यावर पहिल्या दोन दिवसांत दूध कुठून, भाजी कुणाकडून, पेपर कोण टाकतो आणि संध्याकाळी कुठल्या बाकावर बसायचं एवढं ठरवा. मग दिवसाला एकच काम ठेवा, तेही सकाळी. दुपारी १ ते ४ घरी, जेवून आडवं व्हायचं. संध्याकाळी बाक. हे आळशीपणाचं वाटेल, पण मुंबई अशीच कळते. एका दिवसात तीन ठिकाणं लावलीत की गर्दीचीच आठवण घेऊन याल.

घर दादर पश्चिम किंवा माटुंगा. अंधेरी नको. मध्य रेल्वे आणि पश्चिम रेल्वे दादरला भेटतात, त्यामुळे हार्बर मार्ग सोडला तर कुठेही जायचं तरी गाडी बदलावी लागत नाही. शिवाजी पार्क चालत जाण्याच्या अंतरावर आहे, ते तुमच्या यजमानांचं मैदान होईल: कट्टा सलग आहे, जमीन सपाट आहे आणि वाटेल तिथे बसता येतं. आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मेट्रो ३. २०२५ च्या ऑक्टोबरात ती थेट कफ परेडपर्यंत सुरू झाली. दादरला बसायचं आणि गिरगाव नावाच्याच स्थानकावर उतरायचं. जमिनीखालची गाडी, पण लिफ्ट आहे, सरकते जिने आहेत. माझ्या काळी हे असतं तर माझ्या आईला मी किती फिरवलं असतं.

लोकलची भीती निम्मी खरी. सकाळी ८ ते ११ दक्षिणेकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते ९ उत्तरेकडे जाणाऱ्या गाडीत बसू नका, गुडघेदुखीच्या माणसाने तर मुळीच नाही. साडेअकरानंतर स्लो गाडी पकडा, बसायला जागा मिळते. रविवारी गर्दी कमी, पण मेगाब्लॉक असतो, कुठल्या मार्गावर ते आदल्या दिवशीच्या पेपरात येतं.

आठवडा लावताना वार लक्षात ठेवा. सोमवारी घारापुरी बंद, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान बंद, म्हणजे कान्हेरीही बंद. बुधवारी राणीची बाग बंद आणि तिथलं संग्रहालयही. फोर्ट रविवारी सकाळी बघा. कचेऱ्या बंद असतात, फुटपाथ मोकळे असतात आणि इमारतींकडे मान वर करून बघता येतं. फक्त जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी तिकडे फिरकू नका, मॅरेथॉनमुळे रस्ते बंद असतात.

आता खरं सांगायचं ते. गोंयकाराने मुंबई बघताना आपले धागे धरून बघावी. गाइड हे दाखवत नाहीत.

राणीच्या बागेच्या आवारात भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. भाऊ दाजी आपल्या पेडण्यातल्या मांद्र्याचे. संग्रहालयाच्या बाहेर बागेत एक दगडी हत्ती उभा आहे, तो आधी बघा. पोर्तुगिजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिलं ते याच हत्तीवरून. तो तिथे बेटावर होता. १८६४ साली इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा म्हणून उचलायला घेतला आणि तुकडे झाले. तुकडे मुंबईत आणले, पुढे १९१४ साली जोडून उभा केला. हत्ती बघून मग घारापुरीची बोट धरा, क्रम उलटा करू नका. जोडल्याच्या रेषा अंगावर दिसतात. मी तिथे पुष्कळदा नुसता उभा राहिलोय. संग्रहालय दुरुस्तीसाठी मधेमधे बंद असतं, तेवढी चौकशी करून जा.

पणजीला चर्चसमोर गार्सिया द ऑर्ता बाग आहे ना? तो ऑर्ता पोर्तुगीज वैद्य होता. औषधी वनस्पतींवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यातच छापलं गेलं. मुंबई बेट त्याला पोर्तुगीज सरकारने खंडाने दिलं होतं. त्याचा वाडा होता ती जागा टाऊन हॉलच्या मागे, आज नौदलाच्या आवारात. आत जाता येत नाही, पण टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर बसून तिकडे बघता येतं. पायऱ्या तिसेक आहेत. यजमानांनी खालीच बसावं, समोर हॉर्निमन सर्कलची बाग आहे.

आणि बाणगंगा. वाळकेश्वरचं देऊळ १७१५ साली रामा कामतींनी नव्याने बांधलं, ते सारस्वत व्यापारी. तिथेच तळ्याकाठी तुमच्या शेजारच्या कवळ्याच्या मठाची शाखा आहे. माझी आई मुंबईत कधी रमली नाही. १९९१ साली तिला बाणगंगेवर नेलं. तळीच्या पायऱ्या उतरताना तिने मठाची पाटी वाचली आणि म्हणाली, "अरे, हांव घराच पावलें!" तासभर पाण्यात पाय सोडून बसली. परत येताना बसमध्ये पहिल्यांदा मुंबईबद्दल चार बरे शब्द बोलली. तुम्ही मार्दोळच्या, तुम्हाला तिथे काय वाटेल ते मला आत्ताच दिसतंय.

वसईचा किल्ला राहिला. पोर्तुगिजांकडे १५३४ पासून २०५ वर्षं होता, १७३९ साली चिमाजी अप्पांनी घेतला. पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताची ती राजधानी. पडक्या चर्चमध्ये उभं राहिलं की जुन्या गोव्याच्या सांत आगुस्तीनचा बुरूज आठवतो: तसेच कमानींचे सांगाडे, वर वाढलेलं झाड. जमीन बरीचशी सपाट. दादरहून विरार लोकल, वसई रोडला उतरून रिक्षा, सकाळची वेळ आणि आठवड्यातला मधला वार.

एवढं केलंत तरी दहा दिवस भरतात. बाकीचे १८ दिवस राहण्यासाठी ठेवा.

दादर पश्चिम

शिवोलीकर काकांनी सगळा मोठा नकाशा दिलाच आहे, मी घरातल्या बाईच्या नजरेने लिहिते. मी इथलीच, जन्मापासून.

बाई, ७० हजार आगाऊ देऊ नका. घर न बघता तर एक पैसा देऊ नका. पहिले दोन दिवस दादरला एखाद्या साध्या लॉजमध्ये उतरा आणि दोन-तीन घरं बघून ठरवा. तेवढी धावपळ नको असेल तर कुणा ओळखीच्याला आधी पाठवून व्हिडिओवर घर बघा, आणि जिनाही बघायला सांगा. विचारायचं काय: लिफ्ट आहे का आणि चालू असते का, पाणी किती वाजता येतं, संडास कमोडचा आहे का, पाइपचा गॅस आहे की सिलिंडर, सोसायटीची महिनाभराच्या पाहुण्यांना परवानगी आहे का. शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग रखवालदार दारात अडवतो. आधार कार्डाच्या चार झेरॉक्स जवळ ठेवा.

लोकलमध्ये तुम्ही लेडीजमध्ये चढाल आणि यजमान दुसऱ्या डब्यात, ही खरी पंचाईत. आमच्या घरी नियम आहे: उतरल्यावर कुणी कुणाला शोधत फिरायचं नाही, दोघांनी इंडिकेटरखाली उभं राहायचं. आधी पोचेल त्याने थांबायचं. दादरला हे फार महत्त्वाचं, कारण पूल अनेक आहेत आणि माणूस चुकला की उलट्या बाजूला निघतो. डिसेंबर २०२३ मध्ये दादरच्या फलाटांचे नंबर बदलले. आता १ ते ७ पश्चिम रेल्वेचे आणि ८ ते १४ मध्य रेल्वेचे. जुने लोक अजून जुनाच नंबर सांगतात, पाटी वाचा. यजमानांना पहिल्या वर्गाचं तिकीट काढून द्या, रोज फिरणार असाल तर महिन्याचा पास परवडतो.

मार्दोळच्या म्हणजे तुम्हाला फुलांचं सांगायलाच हवं. दादरचा फुलबाजार स्टेशनाला लागूनच पश्चिमेला आहे. पहाटे पाच-साडेपाचला जा, आठनंतर मजा नाही. तुमच्याकडे जायांचे कळे ओंजळीने मोजतात, इथे झेंडू गोणीने ओततात. जमीन ओली असते, घसरू नका.

मासळी बाजारही जवळ आहे. पण बोंबील खाऊन बघा, ताजे, रवा लावून. गोव्याची माणसं बोंबलाला नाक मुरडतात हे मला माहीत आहे, माझी मामी मडगावची. तिने इथे येऊन मत बदललं.

नाटकं! आठवड्याला एक तरी बघा. शिवाजी मंदिर १९६५ पासून इथे आहे, प्लाझाच्या समोर. माटुंग्याला यशवंत, पार्ल्याला दीनानाथ, प्रभादेवीला रवींद्र. जाहिराती पेपरात येतात. खिडकीवर जाऊन तिकीट काढा आणि रांगेच्या कडेची खुर्ची मागा, म्हणजे यजमानांना पाय लांब करता येईल. बाल्कनी नको, जिना आहे.

आणि वाचायची आवड असेलच तुम्हाला. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ सालचं आहे, दादर पूर्वेला त्यांचं संदर्भ ग्रंथालय आहे. जुने अंक चाळायला गेलात तर दुपार कशी जाते कळत नाही.

साखळीचा

मी जरा वेगळं सांगतो, कारण आम्ही हे करून बसलोय. दोन वर्षांपूर्वी आईबाबांना घेऊन २१ दिवस मुंबईत राहिलो.

घराचे पैसे सगळे आगाऊ दिले. पोचलो तर फोटोतलं घर वेगळं आणि हातात दिलेलं घर वेगळं, चौथा मजला, लिफ्ट "दोन दिवसांत सुरू होईल". ती २१ दिवसांत सुरू झाली नाही. पैसे परत मागितले तर फोन उचलेना. आई ७० वर्षांची. ती दिवसातून एकदाच उतरायची, आणि उतरली की चढायच्या धास्तीने तिचं कशात लक्ष नसायचं. म्हणून वरच्या ताईंनी सांगितलंय ते अक्षरशः पाळा.

शिवोलीकर भाईंच्या एका गोष्टीशी माझं जुळत नाही. दिवसाला एक काम ठेवा म्हणतात ते बरोबर, पण रोज एक नको. आम्हाला नवव्या दिवसानंतर सगळ्यांना खोकला लागला. आपण झाडांतली माणसं. मुंबईची जानेवारीतली हवा धुळीची असते, सकाळी समोरची इमारत धुरकट दिसते. दोन दिवस बाहेर आणि एक दिवस घरी, असं लावा. आणि मध्यावर, चौदाव्या-पंधराव्या दिवशी, शहराबाहेर पडा. आम्ही अलिबागला गेलो. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते, २०२० पासून. मोठी बोट, वर बसायला जागा, गुडघेवाल्यांना त्रास नाही. दोन रात्री राहिलो. बाबा बोटीवर जे हसले ते मुंबईत दहा दिवसांत हसले नव्हते. परतल्यावर मुंबई पुन्हा हवीशी वाटली.

कान्हेरी तुमच्या यजमानांना झेपणार नाही. शंभरावर लेणी आहेत, डोंगरात पायऱ्यांनी चढत जायचं. घारापुरीलाही सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पण तिथे डोलीवाले असतात.

आणि मागे घराचं काय, ते कुणी लिहिलं नाही. महिना म्हणजे कमी नाही. पाडेलीला, म्हणजे नारळ पाडणाऱ्याला, आधीच सांगून नारळ उतरवून घ्या, नाहीतर वाळलेली झावळ कौलांवर पडते आणि कळतं फेब्रुवारीत. सुपारीचे दिवस आहेत, कुळागर (सुपारीची बाग) असेल तर कुणीतरी जबाबदार हवं. आमच्याकडे देवाचा दिवा शेजारच्या वहिनीने लावला. त्या रोज संध्याकाळी दिव्याचा फोटो पाठवायच्या. आई तो फोटो बघितल्याशिवाय जेवत नव्हती.

शिवोलीकर

साखळीच्या भाई, तुमचं म्हणणं मान्य. मी तिशीत होतो तेव्हाची मुंबई डोक्यात ठेवून लिहिलं. गुडघ्यांचा आणि धुळीचा हिशेब तुम्ही जास्त बरोबर केलात. वसईसुद्धा अलिबागहून आल्यावरच ठेवा, बाई.

मार्दोळची बाई

तुम्हा तिघांना काय सांगू. काल रात्री यजमानांना सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. हत्तीचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं.

ठरलं ते असं. अंधेरीचं घर सोडलं. दादर पश्चिमेला माझ्या एका विद्यार्थिनीची नणंद राहते, ती घर आणि जिना बघून व्हिडिओ पाठवणार आहे. पहिल्या दोन रात्री लॉज. मध्यावर अलिबाग. जानेवारीच्या शेवटी काळा घोड्याचा महोत्सव सुरू होतो असं वाचलं, तोही एक दिवस. दर आठवड्याला एक नाटक, ही यजमानांची अट. ते मार्दोळच्या उत्सवात २६ वर्षं नाटकात काम करत आले, पण शिवाजी मंदिराच्या आत कधी पाऊल पडलं नाही.

घरी कुळागर आहे, लहानच. पुतण्या बघेल. दिव्याचं जाऊबाईंना सांगितलं. केदार-बद्रीवाल्याच त्या, पण लगेच हो म्हणाल्या आणि वर म्हणाल्या, माझ्यासाठी दादरची पैठणी आण.

आता एक राहिलं. आईच्या पेटीत एक पोस्टकार्ड सापडलं, तिच्या वडिलांनी पाठवलेलं. पत्त्यात चाळीचं नाव होतं, ते वाळवीने खाल्लं. "फणसवाडी, मुंबई २" एवढंच उरलंय. शेवटची ओळ आहे, "पाऊस लागण्यापूर्वी एकदा येऊन जा." इतक्यावरून त्या गल्लीत काही सापडेल का? गिरगावचं कुणी इथे असेल तर सांगा.

ठाकूरद्वार

मी गिरगावातलाच आहे, ताई. चार पिढ्या ठाकूरद्वारला.

आधीच सांगतो म्हणजे तिथे जाऊन तुम्हाला धक्का बसणार नाही. चाळ सापडण्याची आशा फार धरू नका. पुष्कळ चाळी पाडून टॉवर झाले. मेट्रोच्या स्थानकांसाठी काही इमारती गेल्या, तिथली कुटुंबं हलली. जिथे आमची शाळेतली टोळी जमायची त्या जागी आज स्थानकाचं दार आहे. मला अजून तिथून जाताना पाऊल अडतं.

पण गल्ली आहे. आणि तुमच्या आईंनी सांगितलेली घंटा आहे. फणसवाडीत व्यंकटेशाचं देऊळ आहे, दाक्षिणात्य पद्धतीचं, गोपुर असलेलं. आजूबाजूला कितीही बदललं तरी ते जागेवर आहे. १९५३ च्या आधीपासून आहे, म्हणजे तुमच्या आई ज्या देवळाबद्दल सांगत होत्या ते बहुतेक हेच. तिथून सुरुवात करा. चाळ शोधत फिरण्याआधी देवळात बसा.

सकाळी या, आठच्या आत. दुकानं उघडायची असतात, म्हातारी माणसं देवळाकडून दूध घेऊन परत येत असतात. त्यांनाच विचारायचं. तरुणांना विचारलंत तर ते फोनवर शोधतील आणि फोनला १९५३ ची चाळ माहीत नाही. पोस्टकार्ड हातात धरून विचारा. आजोबांचं आडनाव आणि ते काय काम करत ते सांगा, कारण इथली माणसं घर कामावरून लक्षात ठेवतात: "ते कापडगिरणीतले", "ते बँकेतले". आईचा लहानपणीचा फोटो असेल तर आणा.

मग चालत झावबावाडीकडून मुगभाटात या, पुढे खोताची वाडी. तिथली लाकडी सज्जांची घरं बघून तुम्हाला पणजीच्या फोंताइन्याशची आठवण होईल. केळेवाडीत साहित्य संघाचं नाट्यगृह आहे, यजमानांना ते दाखवा. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतो, मुंबईतला पहिला सार्वजनिक. अंतरं एवढीशी आहेत, पण मधे दोनदा बसून चहा घ्या. शेवट चौपाटीवर नको, दमाल. चर्नी रोडला टॅक्सी पकडा आणि घरी जा. चौपाटी दुसऱ्या दिवशी.

आणि आणखी एक. एकदाच येऊ नका. पहिल्या खेपेला तुम्ही बघाल, माणसं तुम्हाला बघतील. तिसऱ्या-चौथ्या खेपेला कुणीतरी थांबून म्हणेल, "परवा तुम्ही विचारत होतात ना, माझ्या आत्याला आठवलं." आमच्याकडे असंच होतं. तुमच्याकडे २८ दिवस आहेत. चार दिवसांसाठी आला असतात तर हे जमलं नसतं.

मार्दोळची बाई

ठाकूरद्वारच्या दादा, तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत उतरवलं. वाड्यावर उत्तर काय द्यायचं ते आता मिळालं.

आजोबा गोदीत कारकून होते. आडनाव इथे लिहीत नाही, तुम्हाला वेगळं कळवते.

आरक्षणाचं बघितलं. आता ६० दिवस आधीच मिळतं, म्हणजे ६ जानेवारीच्या कोकणकन्येसाठी ७ नोव्हेंबरला सकाळी ८ वाजता. मुलगा पुण्याहून काढणार आहे, दोन्ही खालचे बर्थ. चढायचं करमळीला, आम्हाला मडगावपेक्षा ते जवळ. उतरायचं दादरला. लॉजपासून फुलबाजार जवळ असेल तर पहिल्या पहाटे तिथे जाईन. अबोली मिळाली तर वळेसर करून घेईन आणि दुसऱ्या सकाळी फणसवाडीच्या देवळात नेईन. नाही मिळाली तर जे फूल मिळेल ते.